ड्यूझनबर्ग: इंडियानापोलिसची गाडी, इंदूरचे धनी



आज एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. गाड्यांचं वेड नसलेल्यांनी लगेच पुढे जाऊ नये. या गोष्टीत इंदूरचे होळकर येतात, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट येतं आणि शेवटी शेवटी महेश्वरची लुगडीही येतात. पण सुरुवात सुपरकारपासूनच करू, कारण आपल्या घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं हा शब्द दिवसातून चारदा तरी उच्चारतात.

त्यांना एकदा विचारून बघा, "सुपरकार म्हणजे काय रे?" उत्तर आकड्यांत येईल. हॉर्सपॉवर किती, शून्यापासून साठ मैलांवर किती सेकंदांत, टॉप स्पीड किती. आकडे ठीकच असतात, पण ते फार लवकर शिळे होतात. १९२८ साली अमेरिकेतल्या सगळ्यात दांडग्या गाडीची जाहिरात २६५ हॉर्सपॉवरची होती. आज तुमच्या दारात होंडा ओडिसी उभी असेल तर तिच्यात २८० आहेत, आणि तिच्यातून आपण नेतो काय, तर पोरांचे सॉकरचे बूट आणि इंडियन दुकानातली तांदळाची पोती. मग त्या १९२८ च्या गाडीपुढे लोक आजही हात मागे बांधून, आवाज खाली आणून का उभे राहतात?

त्या गाडीचं नाव ड्यूझनबर्ग, मॉडेल जे. 'सुपरकार' हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, पण वस्तू हीच होती. इंग्रजीत एखाद्या जबरदस्त गोष्टीला 'डूझी' म्हणतात, तो शब्द या गाडीवरून आला असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. तो शब्द या मॉडेलच्या पुष्कळ आधीपासून छापलेला सापडतो. पण अशी दंतकथा लोकांना पटते, यातच गाडीचा दरारा कळतो.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूझनबर्ग हे दोघे भाऊ. जन्म जर्मनीतला. १८८५ च्या सुमारास कुटुंब आयोवा राज्यात आलं, तेव्हा फ्रेड आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे रॉकफर्ड नावाच्या गावात तो सायकली बनवू लागला आणि स्वतःच्याच सायकलीवर शर्यतीही मारू लागला. हे लक्षात ठेवा, कारण या भावांचं सगळं आयुष्य याच चालीवर गेलं. वस्तू बनवायची, शर्यतीत घालायची, मोडली की का मोडली ते बघायचं आणि पुन्हा बनवायची. १९०६ मध्ये मेसन नावाच्या वकिलाच्या पैशावर त्यांनी डे मॉइन शहरात पहिली मोटार काढली. तिथून इंजिनं, शर्यतीच्या गाड्या, आणि शेवटी इंडियानापोलिसमध्ये कारखाना.

औपचारिक शिक्षण म्हणावं असं दोघांकडे फारसं नव्हतं. फ्रेडचं डोकं आराखड्यात चालायचं, ऑगीचे हात शर्यतीच्या गाडीत. व्यवहार मात्र दोघांनाही जमला नाही. आपल्याकडे गावात एखादा सुतार असतो, काम बघावं तर देखणं आणि हिशेब बघावा तर सगळा उधारीचा, तशातले हे.

१९२१ साली त्यांनी चार गाड्या फ्रान्सला नेल्या. ल मान्स गावाजवळ फ्रेंच ग्रां प्री होती. (तिथली ती प्रसिद्ध चोवीस तासांची शर्यत अजून सुरू व्हायची होती, ती १९२३ ची.) जिमी मर्फी या अमेरिकन ड्रायव्हरची गाडी सरावातच उलटली आणि त्याच्या बरगड्यांना मार लागला. शर्यतीच्या दिवशी तो छातीला पट्ट्या बांधून बसला. रस्ता इतका उखडला होता की पुढच्या गाडीच्या चाकांखालून धोंडे गोळ्यांसारखे येत होते. शेवटी एका दगडानं मर्फीचा रेडिएटर फोडला आणि टायरही गेला, पण तो पहिला आला. अमेरिकन ड्रायव्हरनं अमेरिकन गाडीत युरोपातली ग्रां प्री जिंकण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ यायला १९६७ साल उजाडलं, डॅन गर्नी बेल्जियममध्ये जिंकला तेव्हा.

मर्फी जिंकला त्याचं मोठं कारण ब्रेक होतं. ड्यूझनबर्गच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते, म्हणजे पेडल दाबलं की नळीतल्या द्रवाचा दाब चारही चाकांवर सारखा जातो. आज आपल्या प्रत्येक गाडीत तत्त्व तेच आहे. तेव्हा बहुतेक गाड्या दांड्या आणि तारा ओढून थांबत, आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य गाड्यांना ब्रेक मागच्या दोनच चाकांना असत. मर्फीला वळणापाशी बाकीच्यांपेक्षा उशिरा वेग कमी करता येत होता. वेगवान गाडीत पहिली चौकशी ब्रेकची करावी, हे पोरांना सांगायला हरकत नाही. पोस्टरवर ब्रेक कधी दिसत नाहीत.

त्याच वर्षी या भावांनी रस्त्यावर चालवायची गाडी विकायला काढली, तिलाही तेच हायड्रॉलिक ब्रेक. विकल्या गेलेल्या अमेरिकन गाड्यांत असे ब्रेक पहिल्यांदा हिच्यात आले. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत ड्यूझनबर्गनं १९२४, १९२५ आणि १९२७ साली जिंकली. १९२५ मध्ये पीटर डिपाओलोनं ती ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीनं संपवली, असं पहिल्यांदाच घडलं. एवढं यश, आणि रस्त्यावरच्या गाड्या पाच-सहा वर्षांत विकल्या गेल्या साडेसहाशेच्या आसपास. कंपनी बुडायला आली.

इथे एरेट लोबन कॉर्ड नावाचा माणूस येतो. मुळात गाड्या विकणारा. इंडियानातल्या ऑबर्न गावची मरणपंथाला लागलेली मोटार कंपनी त्यानं विक्रीच्या जोरावर उठवली होती. १९२६ मध्ये त्यानं ड्यूझनबर्ग विकत घेतली आणि फ्रेडला साधारण असं सांगितलं, की जगातली सगळ्यात चांगली गाडी कर, खर्चाचं मी बघतो. इंजिनियरला असं वाक्य आयुष्यात एकदा ऐकायला मिळालं तरी पुष्कळ. आपल्यातले जे या धंद्यात आहेत त्यांनी मान हलवली असेल.

१ डिसेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात मॉडेल जे लोकांसमोर आली. इंजिन जवळजवळ सात लिटरचं, आठ सिलिंडर एका रांगेत. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण बत्तीस, आणि ते उघडझाप करायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. ही रचना सरळ शर्यतीच्या इंजिनातून उचललेली होती. जास्त व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाला श्वास घ्यायला जास्त वाटा. आज साध्या कोरोलातही चार व्हॉल्व्ह आणि दोन कॅमशाफ्ट असतात. तेव्हा फोर्डच्या मॉडेल ए चं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं होतं आणि त्यात लोकांना समाधान होतं. ड्यूझनबर्गचा २६५ चा आकडा थोडा फुगवलेला होता असं काही जाणकार म्हणतात. असेल. फुगा काढून टाकला तरी बाजारात तिच्या जवळ येईल असं दुसरं काही नव्हतं.

मला स्वतःला या गाडीत सगळ्यात आवडतं ते तिच्यातलं एक पेटीयंत्र. इंजिन फिरेल तसं ते फिरायचं. ठराविक मैल झाले की चासीच्या सांध्यांना आपोआप तेल पोचवायचं. सातशे मैल झाले की एक दिवा लागायचा, इंजिनाचं तेल बदला. चौदाशे झाले की दुसरा, बॅटरीत पाणी बघा. तुमच्या गाडीत 'मेंटेनन्स रिक्वायर्ड' चा पिवळा दिवा लागतो आणि तुम्ही दोन महिने तिकडे काणाडोळा करता ना, त्याचं हे पणजोबा. १९२८ साली, एकही चिप नसताना, नुसत्या दात्यांच्या चक्रांवर.

आता किंमत. नुसत्या चासीचे साडेआठ हजार डॉलर, पुढे साडेनऊ. चासी म्हणजे सांगाडा, चाकं, इंजिन आणि पुढचा भाग. वरचं शरीर वेगळं करून घ्यायचं, पॅसाडीनाच्या मर्फीकडून, न्यूयॉर्कच्या रॉल्स्टनकडून, किंवा तुम्हाला हव्या त्या कारागिराकडून. जुन्या काळी आपल्याकडे कापड एका दुकानात घ्यायचं आणि शिवायचं आपल्या शिंप्याकडे, तशी पद्धत. त्यामुळे सगळं मिळून गाडी तेरा हजारांपासून वीस हजारांपर्यंत आणि पुढेही जायची. डिसेंबर १९२९ मध्ये फोर्डनं आपल्या कामगारांची रोजची मजुरी सात डॉलर केली, तेव्हा ती उत्तम समजली जात होती. त्या मजुरीनं तेरा हजार डॉलर कमवायला, वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर, सहा वर्षांहून जास्त काळ लागतो. न खाता, न पिता, घरभाडं न देता.

गाडीची जाहिरातही तशीच. चित्रात बोटीच्या सुकाणूवर किंवा मोठ्या दिवाणखान्यात एक माणूस. गाडी कुठेच नाही. खाली एवढंच, की हा ड्यूझनबर्ग चालवतो. मला विचाराल तर सुपरकारची अर्धी व्याख्या त्या जाहिरातीत आहे. गाडी काय करते ते सांगायची गरज नाही, ती कोणाकडे आहे तेवढं सांगितलं की पुरे. बाकीची अर्धी व्याख्या मर्फीच्या फुटलेल्या रेडिएटरमध्ये.

कॉर्डचा बेत वर्षाला पाचशे गाड्यांचा होता असं म्हणतात. गाडी दाखवल्यावर अकरा महिन्यांत वॉल स्ट्रीट कोसळलं. शेवटपर्यंत मिळून मॉडेल जे च्या ४८१ च्या आसपास गाड्या झाल्या. हॉलिवुडच्या नटांनी घेतल्या, च्युइंगमच्या आणि साबणाच्या धंद्यातल्या श्रीमंतांनी घेतल्या. बाहेर सूपच्या रांगा लागलेल्या असताना काहींना एवढी मोठी गाडी रस्त्यावर काढायचीही लाज वाटू लागली होती.

फ्रेड मात्र थांबला नाही. १९३२ मध्ये त्यानं इंजिनाला सुपरचार्जर बसवला. हा एक पंखा असतो, इंजिनाच्याच जोरावर फिरणारा, पण इंजिनाच्या कितीतरी पट वेगानं. तो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं. कंपनीनं ३२० हॉर्सपॉवर सांगितले. ही गाडी 'एसजे'. अशा सुमारे ३६ च झाल्या. बॉनेटच्या बाजूतून बाहेर आलेले चकचकीत लवचीक पाइप ही तिची खूण. ते पाइप इतके आवडले की साध्या मॉडेल जे वालेही पैसे देऊन नुसते पाइप लावून घ्यायला लागले. आपल्याकडे स्प्लेंडरला बुलेटचा सायलेन्सर लावणारे भेटतात, त्यांना सांगा, ही हौस फार जुनी आहे.

त्याच १९३२ च्या २ जुलैला फ्रेड न्यूयॉर्कहून घरी इंडियानापोलिसला निघाला होता. गाडी स्वतः चालवत होता, सुपरचार्जरवाली. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या ओल्या रस्त्यावर गाडी घसरून उलटली. सुरुवातीला तो बरा होतोय असं वाटलं, मग न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला जॉन्सटाउनच्या हॉस्पिटलात तो गेला. वय ५५. ज्यानं अमेरिकेला चांगले ब्रेक दिले तो माणूस असा जावा, याचं वाईट वाटतंच.

धाकट्या ऑगीनं काम पुढे नेलं. १९३५ मध्ये युटाच्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर ॲब जेंकिन्स या ड्रायव्हरनं खास तयार केलेली एसजे चोवीस तास पळवली. सरासरी आली ताशी १३५ मैलांच्या वर, आणि यात पेट्रोल भरायला, टायर बदलायला थांबलेला वेळही धरलेला आहे. जेंकिन्स इतका लोकप्रिय झाला की पुढे सॉल्ट लेक सिटीचा महापौर निवडून आला.

आणि याच सुमारास एक एसजे इंदूरच्या धन्यांसाठी निघाली.

यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८. मल्हारराव आणि अहिल्याबाईंच्या घराण्यातले. १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण झालं, त्याचे शिंतोडे वडील तुकोजीरावांवर उडाले आणि १९२६ मध्ये त्यांना गादी सोडावी लागली. मुलगा सतरा वर्षांचा. शिक्षण इंग्लंडात, पुढे ऑक्सफर्डला. पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या. १९३० मध्ये यशवंतरावांच्या हाती पूर्ण कारभार आला, तेव्हा या जोडप्यानं इंदूरला माणिकबाग नावाचा महाल एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. ना कमानी, ना झुंबरं; स्टील, काच आणि सरळ रेषा. पॅरिसमधल्या ब्रांकुसी या शिल्पकाराची तीन 'पक्षी' शिल्पं घेतली. आज माणिकबागेत सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे.

अशा माणसाला गाडी कुठली आवडणार? चासी आणि सुपरचार्जरचं इंजिन इंडियानातून लंडनला गेलं. तिथे गर्नी नटिंग या नामांकित कारागिरांनी त्यावर शरीर चढवलं. बॉनेट लांबच लांब, मागे निमुळती होत गेलेली शेपटी आणि एवढ्या प्रचंड गाडीत जागा मुख्यत्वे दोघांची. सांगतात की पुढे जादा रंगीत दिवे होते, आत महाराज आहेत की महाराणी हे रस्त्यावरच्यांना लांबूनच कळावं म्हणून. तेव्हा रुपया दीड शिलिंगाचा, म्हणजे डॉलरला साधारण पावणेतीन रुपये. नुसती चासीच पंचवीस हजार रुपयांच्या पुढे गेली, लंडनच्या शिंप्याची शिलाई वेगळी.

ड्यूझनबर्गवरची अमेरिकन पुस्तकं ही गाडी मोठ्या कौतुकानं दाखवतात. 'महाराजा ऑफ इंदूर' असं वाचलं की आपल्याला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्याबरोबर माळव्यातला कापूस आणि शेतसाराही आठवावा. आणि आपण ज्या देशात बसून हे बोलतोय त्या देशाचा तेव्हाचा कायदाही आठवावा, तो जास्त जवळचा.

१९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून अमेरिकेत स्थायिक व्हायला येणं जवळजवळ बंद झालं होतं. जे आधी आले होते त्यांच्यापैकी भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येकांचं ते काढूनही घेतलं गेलं. कॅलिफोर्नियात अशा लोकांना शेतजमीन घेता येत नव्हती. म्हणजे चित्र असं, की अमेरिकेतली सगळ्यात महाग गाडी एका मराठी माणसानं मागवली, तर कारखान्यानं आनंदानं बनवून दिली. त्याच माणसाच्या देशातल्या शेतमजुरानं साक्रामेंटोजवळ दहा वर्षं राबून पाच एकर मागितले, तर कायदा आडवा आला.

यशवंतरावांचं अमेरिकेशी नातं गाडीवर थांबलं नाही. संयोगिताराजे १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी गेल्या. त्यानंतरची महाराजांची दोन्ही लग्नं अमेरिकन स्त्रियांशी झाली. मे १९४२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिलं, की हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातल्या वादात अमेरिकेनं, चीन आणि रशियाला बरोबर घेऊन, मध्यस्थी करावी. संस्थानिकानं असं लिहिणं ब्रिटिशांना अजिबात रुचलं नाही. महागड्या गाड्यांच्या पुस्तकांत या पत्राचा उल्लेख नसतो, म्हणून इथे मुद्दाम सांगितला.

हिंदी माणसाला नागरिक होण्याचा रस्ता २ जुलै १९४६ ला ट्रूमननी सही केलेल्या लूस-सेलर कायद्यानं उघडला. कोटा वर्षाला शंभर जणांचा. आपल्यापैकी बहुतेकांची घरं १९६५ च्या कायद्यानंतर इथे आली, त्यामुळे हा शंभराचा आकडा आपल्या गप्पांत येत नाही.

तिकडे उलटा प्रकार झाला. महाराजांचा मुलगा रिचर्ड, अमेरिकन आईचा, जन्म १९४४. डिसेंबर १९६१ मध्ये यशवंतराव मुंबईत वारले तेव्हा भारत सरकारनं वारस म्हणून मान्य केलं ते संयोगिताराजेंची मुलगी उषाराजे यांना. रिचर्ड होळकर आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला 'रेहवा' संस्था काढली आणि बंद पडत चाललेले हातमाग पुन्हा चालू केले. तुमच्या कपाटात महेश्वरी साडी असेल तर या गोष्टीचा एक धागा तुमच्याकडेही आहे.

आता गाडीकडे परत येऊ, तिचा शेवट सांगायचा राहिला. १९३७ मध्ये कॉर्डचा सगळा मोटारधंदा कोसळला आणि ड्यूझनबर्गही बंद झाली. शर्यती जिंकल्या, सगळ्यात चांगली गाडी केली, पण घर चालेल एवढा पैसा त्यातून आला नाही. पुढेही या जातीच्या गाड्यांचं असंच चालत आलंय. १९६६ साली फोर्डनं त्याच ल मान्सला फेरारीला हरवून पहिले तिन्ही नंबर काढले. सिनेमामुळे ते आपल्या मुलांनाही पाठ आहे. ती जीटी फोर्टी बनवताना फोर्डनं पाण्यासारखा पैसा ओतला, आणि तो भरून आला साध्या गाड्यांच्या विक्रीतून. ड्यूझनबर्गच्या मागे अशी साध्या गाड्यांची भक्कम विक्री नव्हती. ऑबर्न होती, ती स्वतःच मंदीत गळून गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्या काही शे डॉलरना मिळत होत्या. पेट्रोल पिणारी, पार्किंगला न मावणारी जुनी धूड, कोण घेणार? काही हौशी पोरांनी घेतल्या, कोंबड्यांच्या खुराड्यातून काढून साफ केल्या. मग काळ फिरला. आखूड चासीच्या दोनच 'एसएसजे' झाल्या होत्या, एक गॅरी कूपरकडे आणि एक क्लार्क गेबलकडे. त्यातली कूपरची ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरना गेली. तोवर कुठल्याही अमेरिकन गाडीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. इंदूरची गाडीही पुढे अमेरिकेत परत आली आणि इथल्या संग्राहकांकडे गेली.

प्रत्यक्ष बघायची असेल तर इंडियानात ऑबर्नला जा. फोर्ट वेनपासून उत्तरेला अर्ध्या तासावर, हायवे ६९ ला लागून. जुन्या ऑबर्न कंपनीच्या कचेरीची १९३० ची इमारत आहे, तिच्यातच ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूझनबर्गचं संग्रहालय आहे. लेबर डेच्या सुट्टीत गेलात तर गावात मेळावा असतो आणि या गाड्या रस्त्यावर धावताना दिसतात, आवाजासकट. पोरांना घेऊन जा. गाडीभोवती एक चक्कर मारा आणि बॉनेट उघडं असेल तर आत वाकून बघा. हिरव्या रंगाचं, उंच, टेबलाएवढं लांब इंजिन दिसेल. आणि बाहेर चकचकीत पाइप दिसले म्हणून लगेच "बघ, सुपरचार्जर!" म्हणू नका. शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांना विचारा. गाडी बहुधा त्यांचीच असते आणि सांगायला ते उत्सुक असतात.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.